भूगोल मागणारी माणसं

बनसोडे मॅडमच्या पर्समध्ये कायम श्रीखंडाच्या गोळ्या असायच्या, पण त्या कोणाला लाडाने मिळत नसत. गप्प बसण्यासाठी मिळत. दर शनिवारी सकाळी येरवड्याच्या शाखेत एखादा वाचक संगणकासमोर बसला, की मॅडम आम्हाला मागच्या कपाटाआड स्टुलांवर बसवत, प्रत्येकाच्या तळहातावर एक गोळी ठेवत आणि दबक्या आवाजात बजावत, "चघळायची. चावायची नाही. तोंडात आहे तोवर एक अक्षर बोलायचं नाही." समोर तो वाचक ऑनलाइन यादीत पुस्तक शोधत असे, भलतीकडे जात असे, परत येत असे. आणि ज्यांनी ती यादी दिसायला देखणी केली ते आम्ही शहाणे, जिभेवर आंबटगोड गोळी घोळवत नुसते तळमळत असू. वाचकाला मात्र आधीच सांगितलेलं असे, "मागे आमची माणसं बसलीत, तुमची स्क्रीन बघतील. चालेल ना? परीक्षा तुमची नाही, त्यांची आहे. झाल्यावर चहा घेऊ."

मला हे फार जड जायचं. मी प्रणाली, अमरावतीची. आमच्याकडे रस्ता विचारला तर माणूस घरापर्यंत सोडायला येतो, वर पाणी पाजतो. डोळ्यांदेखत कोणी चुकतंय आणि आपण गोळी चघळतोय, हे काय वागणं झालं का बाप्पा!

मी खराडीत एका कंपनीत आहे. मोबाइलवर, संगणकावर बटण कुठे असावं, अक्षर केवढं असावं, लोक कुठे अडखळतात, हे बघायचा मला पगार मिळतो. कंपनीने एकदा टूम काढली की प्रत्येकाने थोडं समाजासाठी काम करायचं. कोणी झाडं लावायला गेलं. माझ्या आणि आणखी दोघांच्या वाट्याला पुण्यातल्या एका जुन्या ग्रंथालयाची ऑनलाइन यादी आली. ग्रंथालयाचं नाव सांगत नाही. पुण्यातली संस्था आहे, नाव घेतलं की खुलासे येतील. मुख्य इमारत बुधवार पेठेत, आणि येरवड्याला दोन खोल्यांची एक शाखा. त्या शाखेच्या ग्रंथपाल म्हणजे बनसोडे मॅडम. रीतसर ग्रंथालयशास्त्र शिकलेल्या, उंच, कडक इस्त्रीची सुती साडी, आणि चष्म्यावरून बघायची सवय.

पहिल्या भेटीत मी त्यांना लॅपटॉपवर माझी नवी मांडणी दाखवली. मधोमध शोधायची मोठी चौकट, बाजूला भिंगाचं चित्र, मागे फिकट निळा रंग. मॅडमनी शेवटपर्यंत शांतपणे पाहिलं.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "लग्नाच्या पत्रिकेसारखं."

"म्हणजे चांगलं ना?"

"पत्रिका बघून कोणी लग्नाला जात नाही गं. शनिवारी ये. माझ्या लोकांना बसवून बघू."

चहा पिताना खरी गोष्ट कळली. कार्यकारिणीने ठरवलं होतं, की मार्चअखेरपर्यंत शाखेतली पुस्तकांची देवघेव वाढली नाही तर शाखा बंद करायची आणि पुस्तकं बुधवार पेठेत हलवायची. कारण एकच, त्या भागातले लोक वाचत नाहीत. हे वाक्य उच्चारताना मॅडमच्या नाकपुड्या फुगल्या. "वाचत नाहीत म्हणणं सोपं असतं, कारण त्यात आपली काही चूक निघत नाही. लोकांना सापडत नाही, प्रणाली. घरी बसून यादी उघडतात, काही हाती लागत नाही, आणि त्यांना वाटतं की आपल्यासाठी इथे काही नाहीच." मग कप खाली ठेवून म्हणाल्या, "मी याच खोलीत वाचायला शिकले. माझ्यादेखत हिला कुलूप लावायचं असेल तर आधी मला कपाटात ठेवा आणि मग लावा."

पहिल्या शनिवारी शिंदेकाका आले. रिक्षा चालवायचे. त्यांनी खाकी शर्टाच्या बाह्या नीट केल्या, खुर्ची पुढे ओढली आणि स्क्रीनकडे पाहिलं. माझी मोठी चौकट त्यांच्या नाकासमोर होती. त्यांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सावकाश खाली खाली जात ते थेट तळाशी पोचले. तिथे कोपऱ्यात 'आपल्या सूचना' नावाचा एक कप्पा होता. त्यात एका बोटाने, एकेक अक्षर शोधत त्यांनी लिहिलं, "नमस्कार. मी शिंदे. आपल्याकडे शेळीपालनाचे सोपे पुस्तक असल्यास कळवावे. गडबड नाही." पाठवलं, आणि हाताची घडी घालून उत्तराची वाट बघत बसले.

माझ्याच्याने राहवलं नाही. मी गोळी कडकन चावली आणि कपाटाआडून ओरडले, "अहो काका, वर! वरची ती मोठी चौकट!"

शिंदेकाका दचकून उभेच राहिले. मॅडमनी मला त्या सकाळी परत आलेली सगळी पुस्तकं जागेवर लावायला लावली. गोळी चावणाऱ्याला तीच शिक्षा असे. मी धुळीत शिंकत पुस्तकं लावतेय आणि मॅडम माझ्यामागे फिरत मला ऐकवतायत, "काय चुकलं त्यांचं? माणूस ग्रंथालयात आला, नमस्कार केला, नाव सांगितलं, काय हवं ते सांगितलं. तुझ्या त्या चौकटीत नमस्काराला जागा आहे का?"

मग आम्ही तो सूचनांचा कप्पा उघडून बघितला. अहो, ढीगभर पत्रं! 'सप्रेम नमस्कार', 'आपणांस विनंती', 'मागे एकदा वाचलेलं, त्यात बहिणी भांडतात ते'. लोक वर्षानुवर्षं तिथे पुस्तकं मागत होते. बुधवार पेठेत कोणालातरी वाटलं होतं की तक्रारी असतील, म्हणून तिकडे कोणी फिरकलंच नव्हतं. मॅडमनी सगळं वाचून काढलं. मला वाटलं चिडतील. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्या हसत होत्या. "बघ," म्हणाल्या, "म्हणे वाचत नाहीत."

तरी माझं एक म्हणणं होतंच. मी विचारलं, "मॅडम, शाखेत तुम्ही स्वतः बसलेल्या असता. लोकांनी सरळ तुम्हालाच विचारावं ना. ही यादी हवी कशाला?"

तेव्हा त्यांनी मला भूगोलाची गोष्ट सांगितली. त्या सातवीत होत्या. शरीरात काहीतरी होत होतं आणि ते काय हे कळत नव्हतं. आईला विचारायची प्राज्ञा नव्हती. वाटलं, एवढी पुस्तकं आहेत, एखाद्यात असेलच. धीर करून याच खोलीत आल्या. काउंटरवर त्या वेळचे ग्रंथपाल, गुरुजी म्हणत त्यांना, खणखणीत आवाजाचे. त्यांनी विचारलं, "काय पाहिजे गं पोरी?" मागे चार बाप्ये उभे. "मी म्हटलं, भूगोल. गुरुजींनी भूगोल दिला. मी घरी आले आणि रडत रडत सह्याद्रीचे घाट वाचले." हे सांगून त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. "गुरुजी भला माणूस होता गं. त्यांचा काही दोष नाही. पण काही पुस्तकं तोंडाने मागता येत नाहीत. त्यांच्यासाठी असते यादी. बाकी सगळ्यांसाठी मी आहेच."

तेव्हापासून भूगोल हा आमचा परवलीचा शब्द झाला. कोणी काउंटरवर घुटमळत उगाच 'काहीतरी चांगलं द्या' म्हणालं, की मॅडम माझ्याकडे बघून पुटपुटत, "भूगोल." आणि त्या माणसाला हळूच संगणकासमोर बसवून स्वतः काहीतरी काम काढून आत जात.

पण यादीत शोधायला शब्द लागतात, आणि लोकांचे शब्द पुस्तकांच्या नावांत नसतात. 'आई दिवसभर ओरडते त्यावर काही' असं लिहिलं तर सापडणार काय, डोंबल! यावर मॅडमनी जो उपाय काढला तो मला कुठल्याच कंपनीत सुचला नसता. पुस्तक परत करायला आलेल्या प्रत्येकाला त्या एकच प्रश्न विचारू लागल्या, "हे पुस्तक शेजारणीला सांगायचं झालं तर काय सांगाल? एका वाक्यात." ते वाक्य जसंच्या तसं, सांगणाऱ्याचं नाव न घालता, यादीत त्या पुस्तकापुढे. मी त्यासाठी एक वेगळा रकाना करून दिला आणि शोधताना तोही धुंडाळला जाईल अशी सोय केली. त्याला आम्ही शेजारणीचा रकानाच म्हणायचो.

काय एकेक वाक्यं यायची! "सासू शेवटी सुधारते, पण तोवर आपण थकतो." "मुलगा दहावीत असेल तर आईने वाचावं. मुलाला देऊ नये." "शेअर बाजार छान समजावलाय. समजल्यावर मी लांबच राहिलो." "लेखक हुशार आहे आणि त्याला ते माहीत आहे." शिंदेकाकांनी शेळीपालनाच्या पुस्तकापुढे लिहवून घेतलं, "शेळी दिसते तेवढी गरीब नसते." महिन्याभरात लोक पुस्तकं शोधायला कमी आणि शेजारणी वाचायला जास्त येऊ लागले. वाचता वाचता पुस्तकंही नेऊ लागले.

ही बातमी बुधवार पेठेत पोचायला वेळ लागला नाही. संस्थेचे अध्यक्ष बापटसाहेब म्हणजे पांढराशुभ्र सदरा, हातात छत्री आणि वाक्यं मोजून मापून. त्यांचा फोन आला. मॅडमनी तो मुद्दाम स्पीकरवर टाकला.

"बनसोडेबाई, हा कॅटलॉग आहे की चाळीचा जिना?"

"जिन्यावर माणसं भेटतात, साहेब."

"आणि ते दुसरं काय लिहिलंय तुम्ही? चूक आमची म्हणून?"

त्याचं असं झालं होतं. पुस्तक सापडलं नाही की आधी यायचं, 'आपल्या शोधाशी जुळणारे निकाल आढळले नाहीत. कृपया अचूक शब्द वापरून पुन्हा प्रयत्न करा.' ते वाचून मॅडमनी विचारलं होतं, "हे कोणी लिहिलंय? पोलिसांनी?" आणि माझ्या शेजारी बसून नवं सांगितलं होतं, "सापडलं नाही. चूक आमची आहे, तुमची नाही. शाखेत या, मिळून शोधू."

"संस्थेने आपण होऊन चूक कबूल करायची म्हणजे काय!" फोनमधून आवाज आला.

"साहेब, पुण्यात एक संस्था चूक कबूल करते, हे बघायला तरी लोक येतील."

पलीकडे वहीची पानं चाळल्याचा आवाज. मग, "मी शनिवारी स्वतः येतो. बघतो तुमचा जिना."

मार्च तोंडावर आला होता. शनिवारी सकाळी मॅडम नेहमीपेक्षा लवकर आल्या, कपाटं पुसली, परत एकदा पुसली. माझ्या हातावर गोळी ठेवली आणि 'चावायची नाही' हे बजावायचं विसरल्या. साहेबांनी नाक मुरडलं असतं तर सगळं आटोपलं असतं.

बापटसाहेब संगणकासमोर बसले. मॅडमनी त्यांना इतर वाचकांना देत तसंच काम दिलं, एक पुस्तक शोधायचं. त्यांनी ते शोधलं. "हं," म्हणाले. चांगलं की वाईट, देव जाणे. आम्हाला वाटलं आता उठतील. पण ते उठेनात. चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग पाठमोरेच म्हणाले, "तुम्ही मंडळी चहा घ्या. मी जरा इतर बाबी तपासतो."

मी कपाटाआडून मॅडमकडे पाहिलं. मॅडमचे ओठ नुसते हलले. "भूगोल."

आम्ही सगळे बाहेर पायऱ्यांवर जाऊन उभे राहिलो. चहा आला, संपला. साहेब मग आतल्या खोलीत कपाटांमध्ये गेले आणि बऱ्याच वेळाने बाहेर आले, ते एक पुस्तक छातीशी उलटं धरून. काउंटरवर मॅडमनी ते मुखपृष्ठ खालीच ठेवून घेतलं, मागचं पान उघडून तारखेचा शिक्का मारला आणि वर न बघता परत केलं. "परत देताना शेजारणीला काय सांगाल ते विचारू हं," एवढंच म्हणाल्या. साहेब छत्री घेऊन निघून गेले. मला गोळी चावून विचारायचं होतं की काय होतं ते, पण मॅडमनी असे डोळे वटारले की मी अख्खी गिळली.

ते कळलं आठवड्याने, साहेबांनी पुस्तक परत केलं तेव्हा. स्वयंपाकाचं होतं, अगदी पहिलीच्या इयत्तेचं. त्यापुढे शाखेतल्या कोणा वाचकाचं वाक्य होतं, "ज्याला गॅस पेटवता येत नाही त्यानेही न्यावं. उपाशी राहणार नाही." साहेबांच्या पत्नी लेकीच्या बाळंतपणासाठी परदेशी गेल्या होत्या. अख्ख्या बुधवार पेठेत कोणाला हे विचारायची त्यांची छाती झाली नसती. त्यांनी स्वतःच्या हाताने रकान्यात भर घातली, "हिंग फोडणीतच घालावा, वरणात नंतर नव्हे. अनुभवाचे बोल."

कार्यकारिणीच्या बैठकीला मॅडम गेल्या होत्या, त्यांनीच सांगितलं. कोणीतरी शाखेचा विषय काढला. देवघेव वाढली होती, पण पुरेशी वाढली की नाही यावर खल सुरू झाला. बापटसाहेब म्हणाले, "येरवड्याची शाखा चालू राहील. कारणं विचारू नयेत." आणि पुढच्या विषयावर गेले.

त्या संध्याकाळी मॅडमनी सगळ्या शाखेला अंजिराची बर्फी वाटली. मला दोन दिल्या आणि म्हणाल्या, "ही चावली तरी चालेल."

शाखा वाचली आणि मॅडम निघाल्या. त्यांची निवृत्ती आलीच होती. मुलगी नागपूरला असते, एकटीच असते, तिने कधीपासून धोशा लावला होता की आता इकडेच या. मी विदर्भातली म्हणून मला भारी आनंद. मी त्यांना उन्हाळ्यात कुलर कसा भरायचा इथपासून सगळं सांगितलं. "बरं वाटतंय ना मॅडम, तिकडे जायला?" असं विचारलं की त्या म्हणायच्या, "हो तर. रस्ते रुंद आहेत. हिवाळ्यात संत्री मिळतात. मोठं तळं आहे म्हणे जवळ." मी माझ्याच नादात. मला कळायला हवं होतं, की बाई चक्क भूगोल सांगतेय.

शेवटच्या शनिवारी मी गेले तर त्यांनी मला कपाटाआड बसवलं, हातावर गोळी ठेवली आणि स्वतः जाऊन संगणकासमोर बसल्या. मला वाटलं, निरोपाची गंमत करतायत. त्यांनी बोटं मोडली आणि हळूहळू लिहिलं, "सगळं आयुष्य एका गावात गेल्यावर नव्या गावात ओळखी कशा करायच्या."

मी मागे आहे हे त्यांना माहीत होतं. स्क्रीन मला दिसतेय हेही माहीत होतं. माझ्या तोंडात गोळी होती. एवढी वाघीण बाई, कार्यकारिणीला न घाबरलेली, आणि तिला भीती वाटत होती की नागपुरात आपल्याला कोणी ओळखणार नाही.

स्क्रीनवर आलं, "सापडलं नाही. चूक आमची आहे, तुमची नाही. शाखेत या, मिळून शोधू."

त्यांनी स्वतःचंच वाक्य वाचलं. परत वाचलं. मग खांदे गदगदा हलायला लागले. मला वाटलं रडतायत. बघते तर हसतायत, डोळे पुसतायत आणि हसतायत. मागे न वळता म्हणाल्या, "ये बाहेर. चावलीस तरी आज माफ. चहा सांग."

आम्ही मिळून शोधलं. सगळी कपाटं पालथी घातली. त्यावर पुस्तक काही सापडलं नाही.

न सापडलेल्या शोधांची यादी दर सोमवारी बघायची आणि प्रत्येकाला काहीतरी उत्तर द्यायचंच, हा मॅडमनी लावलेला नियम आम्ही अजून पाळतो. त्यांचा तो शोध तेवढा उत्तराविना राहिला होता. परवा सूचनांच्या कप्प्यात नागपूरहून मजकूर आला. "सप्रेम नमस्कार. मी बनसोडे. इथल्या ग्रंथालयात 'शांतता राखा' अशी पाटी आहे आणि यादीत काही सापडत नाही. म्हणजे मला काम मिळालं. शनिवारी चार बायका येतात, गोळ्या सगळ्या चावतात. माझा तो शोध उत्तराविना असेल, तर पुस्तक मिळेपर्यंत तिथे हे लावा. नव्या गावात गेल्यावर पहिल्याच आठवड्यात शेजारी वाटी घेऊन विरजण मागायला जावं. घरात असलं तरी."

मी ते लावलं. आता तसं काही कोणी शोधलं, की पुस्तकाऐवजी मॅडमची ती दोन वाक्यं येतात. नीट येतात ना, हे बघायला मी रविवारी घरी बसून स्वतःच शोधून पाहिलं. वाचलं. खराडीच्या या इमारतीत मी कितीतरी वर्षं राहतेय आणि समोरच्या दारावरचं नाव मला माहीत नव्हतं.

मग उठले, वाटी घेतली, समोरची बेल दाबली आणि विरजण मागितलं. माझ्या घरात होतं, तरी.